आडव्या उजेडातला अंक

अंक हातात घेतला की ते आधी तो नाकाशी न्यायचे. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "माळा. पाच-सहा पावसाळे. शेजारी डांबराच्या गोळ्या." अंक आणणारा माणूस थक्क व्हायचा, कारण अंक खरोखरच माळ्यावरून आलेला असायचा. डोंबिवलीत जुनी कॉमिक्स माळ्याखेरीज दुसरीकडे सापडतच नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर माझ्यावर छाप पडून गेली होती.

जुन्या कॉमिक्सना ग्रेड द्यायची आणि चुरगळलेली कॉमिक्स दाबून सपाट करून द्यायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. दुसरी एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. ज्या एका अंकाला ते जिवापाड जपायचे, तो माझ्या हातून बिघडला. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल उगाच चांगला समज करून घ्यायला नको.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. बाळकुमच्या नव्या घरात सामान लावताना लहानपणच्या कॉमिक्सची पत्र्याची पेटी निघाली, आणि ओळखीच्या एकाने मला डोंबिवली पूर्वेला त्यांच्याकडे धाडलं. त्यातल्या त्यात धडका अंक मी त्यांच्यापुढे ठेवला. निदान आठ तरी मिळतील अशी माझी खात्री होती.

"साडेतीन," ते म्हणाले.

"काका, पानं सगळी आहेत हो!"

"तुमचा धंदा काय?"

मी सांगितला.

"मग तुम्हाला कळायला हवं. दात सगळे आहेत म्हणजे तोंड चांगलं आहे, असं असतं का?"

त्या दिवसापासून मी 'कवळीवाले' झालो आणि दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. सहा महिन्यांनी 'अहो'चं 'अरे' झालं. माझ्या मते ही माझी बढती होती.

ग्रेड अर्ध्यापासून दहापर्यंत असते. दहा त्यांनी कधीच कुणाला दिले नाहीत. "दहा छापखान्यातच राहतात. बाहेर पडला की नऊ," असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर ते रंगाच्या एका कंपनीत तपासनीस होते, त्यामुळे समोर येईल त्याला गुण देण्याची खोड लागलेली. सोसायटीचे सेक्रेटरी पाच: कणा वाकलेला, पण पिना घट्ट. नाक्यावरचा वडा सहा. काकूंचा चहा रोज नऊ.

"नऊच का?" मी एकदा विचारलं.

"दहा दिले तर उद्या साखर विसरेल."

"मला ऐकू येतंय बरं का," काकू आतून म्हणाल्या.

एमआयडीसीकडून वास सुटला की ते खिडक्या लावून घ्यायचे आणि ग्रेडिंग बंद ठेवायचे. अशा वेळी नाक साक्ष देत नाही, असं ते म्हणत. मग आम्ही दोघं नुसते बसून राहायचो.

खरं शिक्षण टेबलावरच्या दिव्याचं होतं. तो दिवा ते इतका खाली वाकवायचे की उजेड कव्हरवरून जवळजवळ सरपटत जायचा. "वरून उजेड टाकलास तर सगळे अंक देखणे. आडवा टाक, मग बोलतात." आणि खरोखर, वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कव्हरवर खड्डे, लाटा, बोटांचे दाब, सगळं सावल्या टाकत उभं राहायचं. जिथे घडी पडून रंगच तुटला असेल तिथे पांढरी रेघ दिसते. ती जात नाही. रंग शाबूत असून कागद नुसता दबला असेल, तर तो दाब काढता येतो.

काढायची रीत अशी. अंक बंद डब्यात ओल्या स्पंजाच्या शेजारी ठेवायचा, पण स्पंज त्याला लागू द्यायचा नाही. कागद दमट हवेने सैल झाला की तो गुळगुळीत कागदांमध्ये घालून गरम मशीनखाली दाबायचा. टी-शर्टवर चित्रं छापायचं ते मशीन त्यांनी कल्याणच्या एका बंद पडलेल्या दुकानातून आणलं होतं. मग अंक वजनाखाली पूर्ण थंड होऊ द्यायचा. वजन म्हणजे काकूंचा पाटा. "माझी चटणी मिक्सरमध्ये आणि पाट्यावर यांची कॉमिक्स," काकू सांगायच्या, पण पाटा परत मागायच्या नाहीत.

एका गोष्टीचा मात्र त्यांना मनस्वी राग होता. ठाण्याहून एक गृहस्थ अंक घेऊन आले. फाटलेली कड चिकटवलेली, उडालेला रंग स्केच पेनने भरलेला. काकांनी दिवा खाली केला, पाहिलं आणि अंक परत त्यांच्या पिशवीत घातला.

"अहो, निदान ग्रेड तरी सांगा."

"दुरुस्ती केलेल्या अंकाला मी ग्रेड देत नाही. म्हातारा झालाय तर म्हातारा दिसू दे की त्याला. खोटं कशाला बोलायला लावता?"

गृहस्थ रागावून गेले. काका मात्र दिवसभर खुशीत होते.

त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच अंक होता. टेबलाच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. कव्हरला लाट आलेली, वर बारीक बारीक दाब. मी एकदा म्हणालो, "काका, हा दाबून घेऊ या का? सहज सात होईल." ते म्हणाले, "तो राहू दे," आणि खण लावून टाकला. न्हाव्याचेच केस वाढलेले असतात तसं काहीतरी असेल, असं मी समजलो.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर दिव्याकडे बघायला बंदी. आलेली कामं मी त्यांच्या टेबलावर बसून करत होतो, ते आतल्या खोलीतून वासावरून सल्ले देत होते. डोळा बरा झाला की त्यांना काहीतरी भेट द्यावी असं मला फार वाटत होतं. मी तो खण उघडला.

अंक रीतसर तपासला, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसा. दिवा खाली घेतला. माझ्या वहीत आजही ती नोंद आहे: 'कव्हरवर लिखाणाचे दाब, सहा ओळी. कुणीतरी अंकावर कागद ठेवून लिहिलेलं. रंग शाबूत. प्रेसने जातील.' ओळी मी मोजल्या, दाबाची खोली पाहिली, रंग तपासला. काय लिहिलंय ते वाचलं नाही. ग्रेडिंग शिकलेला माणूसच ही चूक करू शकतो. शेजारच्या कुठल्याही बाईने ते आधी वाचलं असतं.

दाबणं उत्तम झालं. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतरही तसं काम झालेलं नाही.

बंदी उठल्याच्या रविवारी मी तो अंक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वास घेतला नाही. दिवा खाली केला, कव्हर वर धरलं, मग फिरवून दुसऱ्या बाजूने धरलं, मग दिवा आणखी खाली केला. मी हसत उभा होतो.

"किती, काका?" मी विचारलं.

त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "आठ."

मग म्हणाले, "छान दाबलायस." आणि डोळ्यात औषध घालायचं म्हणून उठून आत गेले.

जिन्यापर्यंत काकू माझ्या मागे आल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही. त्यावर यांच्या दादांचं, थोरल्या भावाचं, अक्षर होतं. हे शाळेत असताना नवीन अंक आणला होता दोघांनी, आणि वाचायचा म्हणून यांना शाळा बुडवायची होती. दादांनी अंकावरच कागद ठेवून चिठ्ठी लिहिली, की माझ्या मुलाला ताप आहे, एक दिवसाची रजा मिळावी. खाली वडिलांची सहीपण ठोकली. दादा कावीळ होऊन पंचविशीतच गेले हो. त्यांचं अक्षर म्हणून एवढंच राहिलं होतं."

मी कवळ्या बनवतो, लोकांच्या तोंडातल्या रिकाम्या जागा भरतो, आणि ही जागा मी स्वतःच्या हाताने रिकामी केली होती. पुढचे चार रविवार मी गेलो नाही. पाचव्या शनिवारी त्यांचाच फोन आला. "अरे कवळीवाले, खडवलीहून एक गठ्ठा आलाय. भयंकर वास आहे. येतोस ना?"

मी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "खिडकी उघड आधी." तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मला काढू दिला नाही. फक्त एक फरक पडला. कुणीही अंक दाबायला आणला की ते वास घ्यायच्या आधी विचारायचे, "यावर कुणी काही लिहिलं होतं का हो? नीट आठवून सांगा." लोक गोंधळून नाही म्हणायचे. तरी ते दिवा खाली घ्यायचे आणि ओठ हलवत कव्हरभर नजर फिरवायचे. त्या वेळी मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. त्यांच्याशिवाय त्या घरात मला फार एकटं वाटलं, हे कबूल करतो. दिवस झाल्यावर काकूंनी मशीन मला दिलं, पाटा स्वतःकडे ठेवून घेतला, आणि प्लास्टिकची एक पिशवी हातात ठेवली. "हा तुम्हाला द्यायचा असं सांगून ठेवलं होतं," म्हणाल्या.

पिशवीत तो अंक होता. वर त्यांच्या हातची ग्रेडची चिठ्ठी: 'तीन. दुरुस्ती केलेला.'

मला काही कळेना. मी दाबून दिला तेव्हा आठ होता. घरी येऊन टेबलावरचा दिवा खाली वाकवला. कव्हरवर पुन्हा दाब उठले होते, सहा ओळी, बॉलपेनचे, नवे. तपासनिसाचं बारीक, सरळ अक्षर मी लगेच ओळखलं. अंकावर कागद ठेवून, जोर देऊन, त्यांनी पाठ असलेली ती चिठ्ठी पुन्हा लिहिली होती.

या वेळी मी वाचली. माझ्या मुलाला ताप आल्यामुळे तो आज शाळेत येऊ शकत नाही, तरी कृपया एक दिवसाची रजा मिळावी. खाली वडिलांची सही होती, दादांनी ठोकली होती तशीच खोटी.