जनरेटरला हात लावायचा नाही

माझा मामा एकतीस वर्षं एका थिएटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवत होता. तिथला जनरेटर म्हातारा होता आणि मनाला येईल तेव्हाच चालायचा. वीज गेली आणि तो सुरू झाला नाही, की अंधारात बसलेली आठशे माणसं एका सुरात मामाच्या खानदानाची चौकशी करायची. निवृत्त झाल्यावरही त्याला झोपेत शिट्ट्या ऐकू यायच्या. म्हणून आक्काच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त तोच घाबरला.

आक्का म्हणजे मामाची थोरली बहीण, माझी मोठी मावशी. तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि फुफ्फुसं थकल्यावर भावाकडे राहायला आली. तिचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. वीज गेलीच तर उशाशी एक छोटा सिलिंडर होता, तो पाऊण तास पुरायचा.

"पाऊण तासात पुष्कळ काही होतं," आक्का म्हणायची. "मी पाऊण तासात अपूर्णांक शिकवायचे. हा मात्र तेवढ्या वेळात नुसता घाम काढेल."

मामाने घरासाठी जनरेटर घ्यायचं ठरवलं. तीन आठवडे तो घरातल्या एकेका वस्तूला उलटंपालटं करून तिच्या पाठीवरचे वॅट वाचत होता. फ्रिज सुरू होताना तिप्पट वीज ओढतो हे कळल्यापासून तो फ्रिजकडे संशयाने बघायला लागला. मग एके दिवशी इस्त्री, मिक्सर आणि टेबलफॅन पिशव्यांत भरून तो दुकानाला निघाला.

"भांडी पण न्या की," मामी म्हणाली. "तेवढीच घासून होतील."

दुकानदाराने सगळ्यात महागडा जनरेटर पुढे केला. "हा घ्या साहेब. याला आवाजच नाही."

"आवाज नाही, मग हा आजारी पडला तर मला कळणार कसं?"

दुकानदाराला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मामाने एकेक जनरेटर सुरू करायला लावला, डोळे मिटून ऐकला, आणि मग त्याच्यावर इस्त्री, मिक्सर, पंखा एकदम सोडले. दोन गप्प झाले. तिसऱ्याचा आवाज क्षणभर खाली गेला आणि सावरला. "दचकला, पण पडला नाही," मामा म्हणाला. "हाच द्या."

जनरेटर मागच्या अंगणात बसला, कारण त्याचा धूर घरात आला तर आक्काबरोबर बाकीच्यांनाही नळी लावावी लागली असती. वर पत्रा आला, खाली चौथरा आला, आणि चोर उचलून नेतील म्हणून भोवती लोखंडी पिंजरा आला. पिंजऱ्याला कुलूप. किल्ली मामाच्या खिशात. आणि घराला नियम : जनरेटरला हात लावायचा नाही.

दर शनिवारी अकरा वाजता चाचणी असायची. मामी चेंजओव्हरपाशी उभी राहायची, म्हणजे घराची वीज जनरेटरवर घ्यायचा तो दांडा खाली ओढायला. आक्का पलंगावर घड्याळ घेऊन बसायची. तिची खिडकी अंगणाकडेच उघडायची. मामा ऑइलची काडी काढून पुसायचा, बघायचा, पुन्हा पुसायचा. महिन्यातून एकदा जुनं पेट्रोल काढून स्कूटरमध्ये ओतायचा, कारण शिळं पेट्रोल गाळासारखं साचतं. हे सगळं करताना तो जनरेटरशी मोठ्याने बोलायचा. "आधी पेट्रोलचा कॉक. मग चोक. आता जरा दम घे. चल गं राणी, चल!" आणि दोरी ओढायचा.

"मला आयुष्यात एकदा तरी राणी म्हणालेत का?" मामी विचारायची.

"तुला कधी दोरी ओढून उठवावं लागलं का?"

वर्षभर एकही शनिवार चुकला नाही.

मग एका मंगळवारी दुपारी मामा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. जनरेटरचा स्पार्क प्लग बदलायची तारीख आली होती, आणि जवळच्या दुकानातला प्लग त्याला पसंत नव्हता. तो काउंटरवर प्लग उजेडात धरून बघत असतानाच उजेड गेला. दुकानाचा, समोरच्या दुकानाचा, चौकातल्या सिग्नलचाही.

"मोठा फॉल्ट दिसतोय," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला काय काळजी? तुमच्याकडे जनरेटर आहे."

मामाने खिशात हात घातला. हाताला किल्ली लागली.

सिग्नल बंद पडल्यामुळे प्रत्येक चौकात गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. मामाने फोन लावला, मामीने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. त्याने स्कूटर एका अनोळखी दुकानापुढे टाकली, "बघा जरा" म्हणाला, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी पळायला लागला. पाऊण तासातली बत्तीस मिनिटं संपली होती.

घरी मामीने फोन उचलला नाही, कारण तिचे दोन्ही हात कामात होते. कुलूप तुटत नाही हे तिला पहिल्याच घावाला कळलं होतं. पण पिंजऱ्याच्या बिजागऱ्या चार स्क्रूंवर होत्या. तिने शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि दार उलट्या बाजूने उघडलं. आत मात्र ती गोंधळून उभी राहिली.

"आक्का, आता काय?"

आक्काला एव्हाना एका श्वासात दोन-तीनच शब्द जमायचे. "कॉक. खाली. डावीकडे."

"फिरवला."

"चोक. ओढ."

"ओढला."

"आता... राणी म्हण."

"काय?"

"चल गं राणी. म्हण."

"मी नाही म्हणणार!"

"तो म्हणतो. मगच... ओढतो. क्रम... सोडायचा नाही." गणिताच्या बाईंनी पायरी गाळू दिली असती तर नवलच.

मामीने दोनदा नुसतीच दोरी ओढून बघितली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. तिने आजूबाजूला बघितलं, दात-ओठ खाल्ले आणि म्हणाली, "चल गं भवाने, चल!"

मामाला गल्लीच्या वळणावरच आवाज आला. तो थांबला. जनरेटर रिकामा चालतोय की ओझं घेऊन, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. ओझं घेऊन चालत होता, म्हणजे दांडाही ओढला गेला होता. तरीही तो तसाच आत पळाला. आक्काच्या मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि सिलिंडरचा काटा लाल पट्टीच्या जरासा वर थांबलेला होता.

"प्लग मिळाला?" आक्काने विचारलं.

मामा मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ दोघींकडे पाठ करून, चालू जनरेटरवरची नसलेली धूळ पुसत राहिला. मामी म्हणाली, तो हसत होता. आक्का म्हणाली, नाही.

संध्याकाळी त्याने पिंजऱ्याचं दार स्वतःच काढून भिंतीला टेकवून ठेवलं. आक्काला एवढ्याने समाधान नव्हतं.

शनिवारी अकराला पाच कमी असताना तिने फर्मावलं, "तू बाहेर जा."

"का?"

"तू असलास की... चाचणी तुझी होते. आमची नाही."

मामा निमूटपणे चपला घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि विजेच्या खांबाला टेकून उभा राहिला. शेजारचा टेलर दारात आला.

"काय हो, घरातून काढलं की काय?"

"श्श. परीक्षा चालू आहे."

पहिली दोरी फुकट गेली. मामाचा उजवा हात आपोआप वर गेला. त्याने तो डाव्या हाताने धरून खाली घेतला. दुसरीही फुकट गेली. "चोक आत ढकल," तो पुटपुटला, पण इतक्या हळू की टेलरलाही ऐकू आलं नाही. तिसऱ्या ओढीला जनरेटर खोकला, अडखळला आणि लागला.

"झालं पास," टेलर म्हणाला. "जा आता घरी."

"अजून दहा मिनिटं चालवायचा असतो," मामा म्हणाला, आणि डोळे मिटून तिथेच उभा राहिला.