मिस्त्रींची संध्याकाळची फेरी

नगरपालिकेच्या बस आगारात मिस्त्री म्हटलं की एकच माणूस. बत्तीस वर्षं डिझेलच्या इंजिनांत हात काळे केले, आणि तरी विजेच्या बस आणा म्हणून चार वर्षं अर्जांवर अर्ज करत राहिले. लोक म्हणायचे, "मिस्त्री, बसलात तीच फांदी तोडताय की!" मिस्त्री म्हणायचे, "तोडू द्या. फांदीवर धूर फार झालाय."

यामागचं कारण घरी खोकत होतं. त्यांची खोली नोकरीबरोबर मिळालेली, आगाराच्या भिंतीला चिकटून. पहाटे पाचला चाळीस बस सुरू व्हायच्या आणि अर्धा तास जागेवरच धुरकटत बसायच्या. बायको खिडकीला ओलं फडकं लावायची, ते उजाडेपर्यंत काळं व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, घर बदला, नाहीतर धूर थांबवा. घर बदलणं हातात नव्हतं, म्हणून मिस्त्री धुराच्या मागे लागले.

अखेर सहा बस आल्या. तीन महिन्यांची चाचणी. कसोटीला उतरल्या तर चाळीसच्या चाळीस बदलणार. मिस्त्रींनी बायकोला फाटकाशी नेऊन दाखवल्या.

"चालू कधी करणार?" तिने विचारलं.

"अगं, आत्ता तुझ्या नाकासमोरून गेली ती!"

ती मनापासून हसली. मिस्त्रींना वाटलं, जिंकलो.

कंपनीच्या माणसांनी ड्रायव्हरांना दोन दिवस शिकवलं. मिस्त्रींना कुणी बोलावलं नाही. डिझेलवाल्याचं तिथे काय काम? आणि मिस्त्री आपणहून जाऊन मागे बसतील, तर ते मिस्त्री कसले!

त्यांची स्वतःची एक शिस्त होती. संध्याकाळी सगळ्या गाड्या आत आल्या की ते फेरी मारत आणि प्रत्येक बसचा मेन स्विच बंद आहे ना ते बघत. नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली. "मेन स्विच चालू ठेवून जाणं म्हणजे नळ उघडा ठेवून गावाला जाणं," हे त्यांनी प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवलेलं. नव्या बसनाही तसाच स्विच होता आणि नव्या बसचे ड्रायव्हर गाडी रात्रभराच्या चार्जिंगला लावून तो रोज चालूच ठेवून जात. मिस्त्री त्यांना मनातल्या मनात चार शिव्या घालत आणि स्विच स्वतः बंद करत. तक्रार मात्र केली नाही. या गाड्यांचं नाव खराब व्हायला नको होतं.

आठवडाभरात रडगाणं सुरू झालं. भरल्यावर दिवसभर पळणारी बस दुपारीच मान टाकू लागली. प्रवासी भर उन्हात उतरून शिव्या देत. कंपनीच्या माणसाने काय काय बदलून पाहिलं, पण गुण येईना. शुक्रवार तेवढा बरा जायचा. एक ड्रायव्हरबाई म्हणालीसुद्धा, "मिस्त्री, गुरुवारी तुम्ही सुट्टीवर गेलात की शुक्रवारी गाड्या कशा पळतात बघा! तुमचीच नजर लागते त्यांना!" सगळे हसले. मिस्त्रीही हसले.

चाचणी फसली. अहवाल गेला आणि सहाही बस परत न्यायला कंपनीचा माणूस आला. वाटेपुरतं चार्जिंग भरून घेत तो सावलीत बसला होता. मिस्त्री शेवटचं बघायला म्हणून बसमध्ये चढले. उतरताना, जित्याची खोड, हात स्विचवर गेला.

"अहो, बंद काय करताय?" तो माणूस ओरडला. "स्विच पाडला की चार्जिंग तुटतं!"

मिस्त्री पायरीवरच थांबले. "रोजच तुटतं?"

"रोज म्हणजे? कधीही पाडा, तुटणारच."

संध्याकाळची फेरी. गुरुवारची सुट्टी. शुक्रवारच्या गाड्या.

मिस्त्री तसेच आगाराच्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. "गाड्या चांगल्या आहेत, साहेब. मीच रोज स्विच बंद करत होतो. तसं लिहा. मला काढून टाका, पण लिहा."

साहेबांनी समोरची फाईल बाजूला सारली. "आता वरातीमागून घोडं, मिस्त्री. सभेत ठराव झालाय. पुढची दहा वर्षं डिझेलच. त्या बस दुसऱ्या गावाने घेतल्यासुद्धा."

मिस्त्री घरी आले. बायकोने पाणी दिलं.

"गेल्या का हो? शेवटी बिघाड काय होता?"

साहेबांसमोर सगळं कबूल करून आलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावला. "बॅटरी," ते म्हणाले.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाहीत." तिला उबळ आली, ती भिंतीला टेकली. उबळ ओसरल्यावर तिने सकाळचं फडकं धुवायला घेतलं.

मिस्त्रींनी तांब्या खाली ठेवला. गाड्या आत यायची वेळ झाली होती. ते उठले आणि फेरीला गेले.