रोह्याच्या चाचांचं घड्याळ

मला जुन्या सोन्याच्या स्पोर्ट्स घड्याळांचा नाद आहे, आणि माझ्या जिते गावच्या मित्रालाही. फरक एवढाच, की रोह्याच्या चाचांचं घड्याळ त्याच्या हातात आहे. हे लिहितानाही माझा जळफळाट होतोय.

चाचा माझ्या जुन्या ओळखीचे; तरुणपणी आखातात नोकरीला होते, तिथे त्यांनी ते घेतलं. तपकिरी तबकडी, भोवती फिरणारी सोन्याची कडी, आणि कडांना अजून कुणाच्या पॉलिशचा हात लागलेला नाही, म्हणजे मूळची धार शाबूत. असलं घड्याळ दुसऱ्याकडे असलं की मला जेवण गोड लागत नाही. पेणहून पोह्याचे पापड घेऊन मी त्यांच्याकडे कितीदा गेलो असेन! मित्राला तिथे पहिल्यांदा नेलं, तेही मीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

चाचांच्या नातवाला फोन घेता येणारं घड्याळ हवं होतं, हे नको होतं. तेव्हा एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"विकायचा नाय, देयाचा हाय. तुम्ही त्याचा काय करणार, ते सांगा."

मी तयारीचा गडी. म्हणालो, "चाचा, एक ओरखडा येऊ देणार नाय. मखमलीच्या डबीत, कपाटात, कुलपात. वारासुद्धा लागायचा नाय." आम्हा घड्याळवेड्यांत याहून मोठं वचन नसतं.

मित्र म्हणाला, "मी तर बाबा हातात घालणार. उद्या डोलवीला फर्स्ट शिफ्ट हाय, घालूनच जाईन."

सोन्याचं घड्याळ घालून पोलादाच्या कंपनीत! चाचा याला हाकलणार, म्हणून मी मनातल्या मनात खूश. चाचांनी पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं.

"मीच घरात बसून कुलपात हाय," ते मला म्हणाले. "त्याला तरी फिरू दे."

परतताना वडखळ येईपर्यंत मी मित्राला डोलवीच्या धुळीची भीती घालत राहिलो. तो मेला सारखा हात खिडकीबाहेर काढत होता.

परवा ईदला आम्ही दोघं चाचांकडे शिरखुर्मा प्यायला गेलो. घड्याळाच्या कडीवर दोन ओरखडे दिसले. मुद्दाम चाचांना दाखवले. त्यांनी नुसती मान हलवली.

"किती वाजले रे?" त्यांनी विचारलं.

माझी सगळी घड्याळं पेणला, कुलपात. मी खिशात मोबाईल चाचपत होतो, तोवर चाचांनी मित्राचं मनगट धरून जवळ ओढलं. वेळ बघून झाली, तरी सोडलं नाही.