माझ्या स्क्रीनवर अविनाशचे ठोके

आधीच सांगून ठेवतो – माझ्या यार्डाच्या गेटला लिंबू-मिरची नाही. अकोल्यात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करणारा माणूस असं म्हणतो तेव्हा लोक हसतात. गिऱ्हाईक ट्रॅक्टर नेताना चाकाखाली लिंबू ठेवतं, मी ठेवू देतो, लिंबू त्याचंच असतं. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दोनच प्रश्न विचारत आलो. स्वतः पाहिलं का? आणि तेव्हा किती घेतली होती? आता माझ्यावरच पाळी आली आहे, म्हणून दोन्ही उत्तरं आधीच देतो. स्वतः पाहिलं. आणि त्या सकाळी पोटात दोन केळी आणि ग्लुकोजचं पाणी होतं, बाकी काही नाही.

गोष्ट समजायला अविनाश समजायला हवा. अविनाश अमरावतीचा. वडील वकील, आई शाळेत शिक्षिका. मी अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यातला. अमरावतीत सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो. विशीत आम्ही दोघं जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या शर्यती करायचो. तो नेहमी पुढे, मी नेहमी मागे. फार नाही, चार-पाच सायकलींचं अंतर... पण मागेच.

एका मोठ्या शर्यतीत, चिखलदऱ्याच्या उतारावर, त्याचं चाक बसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुढे निघत होतो. आणि मी थांबलो! खिशातली एकुलती एक ट्यूब त्याला दिली. पुढच्या फेरीत मीच पंक्चर झालो आणि सायकल खांद्यावर घेऊन चालत आलो. तो जिंकला. त्या पदकावर त्याला खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागली, नोकरीवर लग्न जमलं, लग्नानंतर बंगला झाला. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मला नवी ट्यूब आणून दिली होती, डबीसकट. "हिशोब मिटला भाऊ," म्हणाला. त्या डबीचा राग मला वीस वर्षं पुरला.

मी सायकल सोडली. अकोल्यात आलो, भंगारातून सुरुवात केली, भांडून-भांडून वर आलो. आज माझ्या यार्डात कोणी यावं आणि मला फसवून जावं, असा माणूस वऱ्हाडात नाही.

गेल्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालणं मला जमत नाही, चालताना लोक उधारीवर माल मागतात. मग सायकल घेतली. दुकानदाराशी दोन तास घासाघीस केली आणि हेल्मेट, हँडलवरचा छोटा कॉम्प्युटर आणि छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा असं सगळं फुकटात काढलं. तो पट्टा ठोके मोजतो आणि आकडा हँडलवरच्या स्क्रीनवर दिसतो. चार महिने पहाटे बाळापूर रोडला घाम गाळला. अकरा किलो उतरलं. मग कोणीतरी ग्रुपवर टाकलं – पातूरला हौशी लोकांची क्रॉस-कंट्री शर्यत, चाळिशीच्या वरच्यांचा गट वेगळा. यादी उघडली. तिसरं नाव अविनाशचं.

मी लगेच नाव दिलं. खोटं कशाला बोलू? तब्येतीसाठी नाही दिलं.

डिसेंबरचा रविवार. पातूरच्या पुढे एका शेतातून सुरुवात होती. कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून निघायचं, कोरड्या नाल्याची वाळू ओलांडायची, सागाच्या जंगलातून टेकडी चढायची आणि मागच्या बाजूने मुरमाच्या उतारावरून खाली यायचं. सहा किलोमीटरची फेरी, अशा चार. गाडीतून सायकल काढताना लक्षात आलं की पट्टा घरीच राहिला. बायकोला फोन लावला.

"पट्टा काहून नाही ठेवला बॅगेत?"

"न्हाणीघरात वाळून राहिला ना. तुमीच धुतला, तुमीच टांगला. मले काय इचारता?"

मी फोन आपटला. म्हणजे स्क्रीनवर ठोक्यांच्या जागी दोन रेघा. हे नीट लक्षात ठेवा.

तेवढ्यात अविनाश आला. पोट नाही, केस काळे, पोरांसारखे पाय. सोबत माधुरीवहिनी, हातात थर्मास.

"अबे गजू! तू? मले वाटलं, तू आता ट्रॅक्टरच चालवतो."

"ट्रॅक्टरले डिझेल लागत नाही, राग लागते," मी म्हणालो. "तो मायाजवळ लय आहे."

तो हसला. त्याला माझं बोलणं नेहमी विनोदच वाटतं.

पहिली फेरी जुन्यासारखीच – तो पुढे, मी मागे. दुसऱ्या फेरीच्या चढावर माझी जीभ बाहेर आली होती. खाली पाहिलं तर रेघांच्या जागी आकडा. एकशे अठ्ठावीस.

मला वाटलं, जवळच्या कोणाचा पट्टा पकडला असेल. पण जवळ कोणीच नव्हतं. अविनाश दोन वळणं वर होता, सागांमधून त्याचा पिवळा शर्ट दिसत होता. तो पेडलवर उभा राहिला आणि आकडा चढला... एकशे चाळीस. तो बसला, आकडा उतरला. माथ्यावरून तो उताराला लागला तेव्हा मी अजून चढतच होतो, छाती फुटायची वेळ आली होती, आणि स्क्रीनवर आकडा एकशे दहाकडे घसरत होता.

तीन वेळा ताडून पाहिलं. वजनकाट्यावर विश्वास न ठेवणारा माणूस आहे मी. तिन्ही वेळा तेच. ते अविनाशचे ठोके होते.

भीती वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. हेवा वाटला, अंगाची आग होईल इतका! मी मरतोय, आणि हा एकशे तीसवर, जणू ओट्यावर पेपर वाचत बसलाय. चांगले आई-बाप याला, नोकरी याला, बंगला याला... आणि हृदयही देवाने निवडून याच्याच छातीत घातलं. मी चार महिने पहाटे उठलो ते कशासाठी?

तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला आकडा वाढू लागला. एकशे पन्नास, एकशे साठ. पिवळा शर्ट जवळ आला. चौथ्या फेरीत नाल्याच्या वाळूत तो सायकलवरून उतरला आणि ढकलत चालू लागला. मी पेडल मारतच शेजारून निघून गेलो. काही बोललो नाही. मागे वळून पाहिलंही नाही. गरज काय? स्क्रीनवर दिसत होतं ना सगळं. एकशे बहात्तर. एकशे ऐंशी. त्याला त्रास होत होता आणि तो मला मोजून कळत होता. आयुष्यात एवढा आनंद मला कोणत्याही सौद्यात झाला नाही. पुढे कोणी नव्हतं. एक चढ, एक उतार, आणि संपलं.

चढाच्या मध्यावर आकडा एकदम पडला. चौतीस.

पहिला विचार आला – थांबला, सोडली शर्यत. पण थांबलेल्या माणसाचा आकडा हळूहळू खाली येतो, हे मला चार महिन्यांत कळलं होतं. चौतीस म्हणजे दमलेला माणूस नाही. चौतीस म्हणजे दुसरंच काहीतरी.

आता जे लिहितो ते घरातही कोणाला सांगितलेलं नाही. मी चालवत राहिलो. स्वतःशी सौदा केला – त्या वाकड्या सागापर्यंत जातो, तोवर आकडा वाढला तर आपली काही जबाबदारी नाही. साग आला. बत्तीस. मग म्हटलं, त्या मोठ्या दगडापर्यंत. धंद्यात माझी एक सवय आहे. भाव अडला की मी गप्प बसतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. कंटाळून तोच बोलतो. तसा मी त्या आकड्याकडे पाहत होतो... तू बोल, तू हल. तो हलला नाही. दगड मागे गेला तरी मी पेडल मारत होतो. एकदा थांबलो होतो या माणसासाठी. काय मिळालं होतं मला?

मग स्क्रीनवर एकोणतीस दिसलं आणि माझे हातच वळले. ठरवून वळवले असं मी म्हणणार नाही.

उलट्या दिशेने उतरताना मागून येणारा एक जण ओरडला, "ओ काका! कुठी चालले? रस्ता तिकडं हाय!"

"पिवळा शर्ट दिसला का तुले?"

"नाही बा!"

म्हणजे लोक त्याच्या जवळून गेले होते आणि कोणाला तो दिसला नव्हता. नाल्याच्या काठाशी पायवाटेवर त्याची पाण्याची बाटली पडली होती. वाळू ओलांडून तो वर चढला असावा, सायकलवर बसला असावा आणि तोल जाऊन काठावरून खाली. घाणेरीच्या झुडपात सायकलसकट आडवा, तोंड मातीत, ओठ निळसर. मी त्याला उताणा केला, तोंडातली माती काढली, ओरडलो. गालात मारल्या. (दोन जास्तच मारल्या असतील.) शेवटी त्याने मोठा श्वास घेतला. वर माझ्या सायकलच्या स्क्रीनवर काय दिसत होतं ते मी पाहिलं नाही. नंतर पाहिलं तेव्हा परत दोन रेघा होत्या.

मग जीप, मग अकोल्यातलं हॉस्पिटल. तिथे पोचेपर्यंत तो बोलायला लागला होता. हृदयाचा आलेख काढला तर एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, दमणुकीने चक्कर आली असेल, उद्या घरी सोडू.

मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "याचा छातीचा पट्टा कुठे आहे?"

"कसला पट्टा? ते काही बांधत नाहीत हो. म्हणतात, माझं शरीर मला कळतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं समजलं, भाऊजी? तुम्ही तर पुढे होता."

"आवाज आला," मी म्हणालो. टेकडीच्या पलीकडून आवाज... त्यांनी मान हलवली. विश्वास बसला नसावा.

आता अडचण समजून घ्या. कॉम्प्युटरमध्ये सगळं साठलेलं होतं. ती ठोक्यांची रेघ डॉक्टरांनी पाहिली नाही तर हे 'साधी चक्कर' म्हणून त्याला सोडणार. पण त्याच्याच खाली माझ्या वेगाचीही रेघ होती. वरची रेघ कोसळली, तरी खालची कुठवर चालत राहिली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि पुसून टाकायला एका बोटाचं काम.

मी माझ्या स्वभावाला जागलो. फोनवर फक्त वरच्या रेघेचा फोटो काढला, खालचा भाग कापला आणि तेवढाच डॉक्टरांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हा पट्टा कोणाचा?"

"माहीत नाही."

"वेळ तर जुळते. पण त्या वेळी चढ होता की सपाट, वेग किती होता, ते बघायला लागेल. पूर्ण फाइल द्या."

मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. चहाचे दोन कप झाले. मग वर जाऊन पूर्ण फाइल दिली.

डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं नाही, मशीन लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्याचं हृदय त्या मशीनवर सहा सेकंद थांबलं. घरी असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी वहिनींसमोर सांगितलं नाही. पेसमेकर बसला.

भेटायला गेलो तेव्हा ती फाइल त्याच्या फोनवर उघडी होती. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या.

"गजू, ही वरची मायी लाइन. खालची तुयी स्पीड. बरोबर?"

"हो."

"इथं मी पडलो." त्याने बोट सरकवलं. "आन् इथं तू वळला."

"हो."

"एक मिनिट चाळीस सेकंद. काय करून राहिला होता इतका वेळ?"

मी खोटं बोलू शकलो असतो. गिअर अडकला होता, स्क्रीनकडे लक्ष नव्हतं. धंद्यात याहून मोठ्या थापा पचवल्या आहेत.

"सौदा करून राहिलो होतो," मी म्हणालो. "तुया जिवाचा आन् माया नंबराचा."

त्याने बोटाने ते अंतर परत एकदा मोजलं. मग हसला. छातीवरचे टाके दुखले म्हणून हात धरून हसला. "एक चाळीस! मी असतो ना बे, तं शर्यत संपवून आलो असतो."

हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून तो बोलला, ते मला आजही ठरवता येत नाही. खोटं असेल तर हा माणूस माफ करण्यातही माझ्या पुढेच आहे. वहिनी आल्यावर त्याने फोन उशीखाली सारला आणि त्यांना काही सांगितलं नाही. त्याचाही मला रागच आला.

बाकी मी सगळी चौकशी केली. सायकलवाल्याशी भांडलो; तो म्हणतो, या पट्ट्याचा सिग्नल आठ-दहा पावलांपलीकडे जात नाही, मधे टेकडी असेल तर विषयच सोडा. त्या दिवशी आणखी दोघांनी पट्टे बांधले होते. दोघांच्या घरी जाऊन त्यांच्या फाइली पाहिल्या. एकाचाही आकडा पडलेला नाही. माझा पट्टा न्हाणीघरातच होता, बायकोने शपथ घेतली. कॉम्प्युटर कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की यंत्र रिस्टार्ट करून पाहा.

कोणाकडे पटेल असं कारण असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. मला एकच गोष्ट सुटत नाही. त्या टेकडीवर चाळीसेक माणसं सायकली चालवत होती. त्यात अविनाशचे मित्र होते, त्याला मानणारे होते, खाली त्याची बायको थर्मास घेऊन उभी होती. त्याचं वाईट व्हावं असं वाटणारा मी एकटाच होतो. तरी ते ठोके माझ्याच हँडलवर आले.