स्वीडिश कॅसेटची दुसरी बाजू

लोकांचा आवाज कधीच मरत नाही. हे वाक्य माझं आहे आणि मी ते नाशिकच्या एका सभागृहात, माईकवर, दर शब्दानंतर थोडं थांबून उच्चारलेलं आहे. समोर चाळीसेक माणसं होती. त्यातली निम्मी सातपूरच्या एका कारखान्यातली, पहिली पाळी करून तशीच आलेली. त्यांनी डोळे मिटून घेतले ते विचारात पडल्यामुळे, असा माझा तेव्हा समज झाला.

निमित्त होतं स्वीडनच्या एका गायकाचं. माझा एक मित्र त्या कारखान्यात फिटर होता. मूळचा चांदवडकडचा, आणि गळा असा की कॅन्टीनमध्ये गुणगुणला तरी ताटं वाढणारा हात थांबायचा. कारखान्यात यंत्रं बसवायला स्वीडनहून एक इंजिनिअर आला होता. जाताना त्याने मित्राला साठ मिनिटांची एक कॅसेट दिली. त्याने घरी रेकॉर्डवरून उतरवलेली. एक गिटार, एक खरखरीत आवाज, आणि गाण्यांत म्हणे मालक, मंत्री आणि पंतप्रधान यांचा नावानिशी उद्धार. इंजिनिअरच्या बेताच्या इंग्रजीतून मित्राच्या त्याहून बेताच्या इंग्रजीत अर्थ उतरला होता. मित्राला एकच शंका आली होती, ती त्याने मला सांगितली.

"मी त्याला म्हनलं, सरकारला शिव्या घालतो आन् सरकारी रेडिओवर लागतो? मग पोलीस काय करतात?"

"काय म्हणाला?"

"म्हने, ऐकतात." त्याने कॅसेट पिशवीत टाकली. "अवघड देश हाय, मास्तर. तिथं गाण्याला कोन घाबरतच नाय."

त्या कॅसेटमधल्या एका चालीवर त्याने स्वतःचे शब्द बसवले. भाषांतर नव्हे, सरळ सातपूरचं गाणं. 'भोंगा वाजला, दादा, भोंगा वाजला, घरचा कोंबडा लाजून गप बसला.' मी तेव्हा कॉलेजात शिकवायचो आणि विद्रोही लोकगीतांवर पुस्तक लिहीत होतो. त्यामुळे या गाण्याचा शोध मीच लावला, अशी माझी भावना होती. कार्यक्रम ठरवला, तोही मीच. आधी माझं प्रास्ताविक, मग त्याचं गाणं, आणि सगळ्याचं रेकॉर्डिंग.

आयत्या वेळी कळलं की कोरी कॅसेट कुणीच आणलेली नाही. मित्राच्या पिशवीत ती स्वीडिश होती. तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून इंजिनिअरने वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे तोडलेले होते. भोक बुजवलं की पुन्हा रेकॉर्डिंग होतं, हा उपाय आपल्याकडे सर्वांना ठाऊक होता. मी सिटी बसचं तिकीट घडी करून एका भोकात बसवलं आणि दुसऱ्या बाजूवर रेकॉर्डिंग चालू केलं. नाशकात मोजून एकच प्रत असलेली वस्तू अर्धी पुसण्याआधी क्षणभर थांबायला हवं होतं. मी घड्याळ बघत होतो.

"आधी तू गातोस का?" मी शिष्टाचार म्हणून विचारलं.

"तुम्ही बोला, मास्तर. गानं काय पळून जात नाय."

कार्यक्रमानंतर यंत्र पाहिलं तर टेप संपून कधीच बंद पडलं होतं. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात नवी कॅसेट आणून पुन्हा रेकॉर्ड करू. मी म्हटलं, नक्की, आणि कॅसेट माझ्याकडेच राहिली. पुढच्या महिन्यात माझं पुस्तक छापायला जाणार होतं. मग त्यांचा कारखाना बंद पडला, त्याने मोटारदुरुस्तीचं काम धरलं, आणि गाणं सुटलं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत 'एका कामगार मित्राचे' आभार आहेत.

गेल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो लहान मुलांची पुसायची पाटी खिशात ठेवतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याची बायको रिक्षा करून माझ्याकडे आली. मोबाईलमध्ये त्याचं बोलणं पुष्कळ आहे, म्हणाली, पण ते सगळं 'हॅलो, गॅस आला का' असलं. गाणं कुठेच नाही.

"भावजी, ती कॅसेट तुमच्याकडं हाय ना?"

"वहिनी, शब्द तर तो लिहून देईल."

"शब्द हायत वो घरी. त्यांचा गळा पायजे."

कॅसेट सापडली. तिकीटही तिथेच होतं. पंचवटीत भाजीबाजारामागच्या बोळात मिक्सर दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडे अजून चालू असलेला टेपरेकॉर्डर आहे. मित्र, वहिनी आणि मी त्याच्या दुकानात स्टुलांवर बसलो. मी म्हटलं, सुरुवातीचं पुढे ढकला. तो म्हणाला, फार जुनी पट्टी आहे, पळवली तर तुटेल, जशी आहे तशी ऐका.

म्हणून ऐकली. लोकांचा आवाज कधीच मरत नाही. मग त्याची कारणं. मग युरोपातल्या चळवळी, मग पुन्हा कारणं. दोन बायका मिक्सरची भांडी टाकून गेल्या, एक जण पंखा घेऊन गेला. वहिनी दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या, "आता येईल."

"कोण हो हा?" दुकानदाराने शेवटी विचारलं. "थांबतच नाही."

मित्राने पेनाचं टोक माझ्याकडे केलं.

"सॉरी, काका," दुकानदार म्हणाला.

"नाही, बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

मग टाळ्या झाल्या, माईकची खरखर झाली, आणि तो आवाज आला. वहिनींनी पदर हातात धरला. भोंगा वाजला. कोंबडा गप बसला. 'माझ्या दिसाची किल्ली' इथपर्यंत आलं आणि टक् करून बटण वर उडालं.

"पुढं?" वहिनी म्हणाल्या.

पुढे काही नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून दुकानदाराने कॅसेट उलटी घातली. खरखरीत आवाजात परकी भाषा सुरू झाली. ही बाजू जशीच्या तशी होती. "हा कोण?" त्याने विचारलं. मित्राने पाटीवर लिहिलं, 'मूळ मालक.'

तिसरं गाणं त्याच चालीचं निघालं. मित्राचे ओठ हलायला लागले. बोटं काउंटरवर ठेका धरत होती. तो पूर्ण गाणं म्हणत होता, सगळी कडवी, जागच्या जागी श्वास घेऊन. वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"मोरीत भांडी घासताना ऐकू यायचं मला," त्या म्हणाल्या. "वाटायचं, रोजचंच तर हाय."

मला माफी मागायची होती. मी तोंड उघडलं तशी मित्राने पाटी पुसली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. 'आता नका बोलू मास्तर. गाणं चालू आहे.'

दुकानदाराने दोन्ही बाजू पेन ड्राइव्हवर घेऊन दिल्या. मित्राचं गाणं त्यात एक मिनिटही नाही. माझं भाषण पूर्ण आहे, टाळ्यांसकट.