अप्पांचं पोट आणि सकाळचा क्रम

मार्चमधला पहिला सोमवार. पोटाच्या डॉक्टरांची फी सातशे रुपये. हजर माणसं तीन: वडील, बायको आणि मी. वडिलांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. वय एकोणऐंशी, वजन चोपन्न किलो. दिवाळीत ते एकसष्ट होतं. या सात किलोंसाठीच आम्ही तिथे बसलो होतो.

पोट साफ होत नाही म्हणून अप्पांनी खाणं कमी केलं होतं. "आत जागाच न्हाय, तर घालू कुटं?" म्हणत ते दुसरी भाकरी परत करायचे. पुढे पहिलीही अर्धीच खाऊ लागले. मी चिडायचो, बायको समजूत काढायची, आणि ताट तसंच उचललं जायचं. तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. गाठ नाही, जखम नाही.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि सांगितलं, की आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं. अन्न पुढे ढकलायचं काम ते मेंदूला न विचारता करतं. वयाबरोबर त्यातल्या पेशी कमी होतात, ढकलणं मंदावतं. मल आत जितका रेंगाळतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं, आणि तो कडक होतो. जायची वेळ झाली ही जाणीवसुद्धा बोथट होते.

"म्हंजे मशीन म्हातारं झालं," अप्पा म्हणाले.

"मशीन ठीक आहे. वायरिंग जुनं झालंय."

"बदलता येतंय का?"

"नाही. आहे त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. सकाळी पहिलं पाणी किती वाजता पिता?"

"एक वाजतो. कधी दीड."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं.

आम्ही लिंगायत. गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा थेंब घेत नाहीत. आंघोळीशिवाय पूजा नाही. आणि पोट साफ झाल्याशिवाय आंघोळ नाही, हा नियम त्यांचा स्वतःचा. गावी दुधनीला दुकान होतं तेव्हा हे सगळं उजाडायच्या आत उरकायचं. आता पहिल्याच गोष्टीला सगळं अडत होतं. पाचला उठून ते संडासात बसायचे, उठायचे, हॉलमध्ये फेऱ्या मारायचे, पुन्हा बसायचे, आणि थोडंफार होईपर्यंत कोरड्या तोंडानं दुपार करायचे. रात्री घेतलेलं इसबगोलही पाण्यावाचून आत घट्ट होऊन बसायचं.

डॉक्टरांनी सांगितलं, उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी प्या, थोडं खा. खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं, तेव्हा जाऊन बसा. सोबत एक औषधाची पावडर दिली. अप्पांनी मान डोलावली. जुळे सोलापूरला घरी परतताना रिक्षात म्हणाले, "साठ वर्सं पूजेआधी पाणी प्यालो न्हाय. आता पोटापायी सोडू व्हय?"

ऑफिसची अर्धी रजा गेली होती आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात वाद घालायची ताकद नव्हती. वाद नंतर झालाच, जवळजवळ रोज. महिनाअखेर वजन बावन्न भरलं.

शेवटी बायकोनं दुधनीला फोन लावला. आमच्या घरच्या कार्याला येणारे जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, तिथे राहतात. आम्ही त्यांना अय्या म्हणतो. बाजाराला सोलापुरात आले तेव्हा ते घरी आले, चहा घेतला आणि अप्पांच्या शेजारी बसले.

"लिंग गळ्यात हाय न्हवं?"

"हाय की."

"संडासाला जाताना काढून ठेवताव काय?"

"छे! लिंग कधी काढत असतेत व्हय?"

"मग ते तितं तुमच्यासंगं येऊन बसतंय, ते चालतंय. आन् पोटात राहिलेलं तेवढं चालत न्हाय? ते काय लिंगाला ठावं न्हाय?"

बायको स्वयंपाकघरात हसली. अप्पा हसले नाहीत. "मनाला बरं वाटत न्हाय, अय्या."

"मग मनाला सांगा. आधी आंघोळ, पूजा. मग पाणी, मग खाणं. मग जाऊन बसा निवांत, पेपर घेऊन."

"नंतर परत आंघोळ करीन," अप्पा म्हणाले.

"करा की. दोनदा करा. लिंग काय तक्रार करतंय?"

आता सहाच्या आत पूजा होते, पाणी होतं, वाटीभर उप्पीट होतं. चमत्कार काही झाला नाही. पावडर चालूच आहे, आणि तरी पोट दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी साफ होतं. पण भाकरी पूर्ण जाते. वजन त्रेपन्न आहे. आणखी सुधारेल का, म्हणून डॉक्टरांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, एवढं टिकवलं तरी पुष्कळ.

दोन आंघोळींचं पाणी मात्र लागतंच, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम आणला. दुकानदाराला साडेनऊशे दिले, आणि ड्रम तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला म्हणून रिक्षावाल्याला दीडशे.