ट्रेलरच्या मानेतला ब्रेक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. म्हसा गावच्या वाटेवर आमचा ट्रेलर उलटला, तेव्हा त्याचा ब्रेक लागणं शक्यच नव्हतं, कारण मी तो वेल्डिंगचे टाके मारून बंद केलेला होता. नंतर मोटार निरीक्षक तपासायला यायच्या आदल्या दुपारी ते टाके मीच ग्राइंडरने घासून काढले. तपासणीत ब्रेक ठणठणीत निघाला. मग दोष द्यायला ड्रायव्हर तेवढा उरला. तो ड्रायव्हर पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला माणूस.

मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. या एका बाबतीत तो स्वभाव नव्हता, सोय होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत रस्त्यांची कामं बरी निघत होती. सापगावच्या बाजूला आमची पत्र्याची शेड होती. तिथे मी वेल्डिंगची किरकोळ कामं करायचो आणि एक जुना रोलर घेऊन तो ठेकेदारांना भाड्याने द्यायचो. रोलरची चाल म्हणजे वरातीची. शहापूरहून मुरबाडला स्वतःच्या चाकावर न्यायचा तर अख्खा दिवस जायचा, आणि मागे अडकलेल्या एसटीतले लोक खिडकीतून माझ्या आईबापांचा उद्धार करायचे. म्हणून ट्रेलर करायचं ठरलं.

ट्रेलर ही काय विचारायची गोष्ट आहे का? पण ज्याने जन्मात सायकलला पंप मारला नाही, त्यालाही त्यावर मत होतं. काका म्हणाले, ट्रॅक्टरला लावतात तसला घे, साधा. चहावाला म्हणाला, दोन चाकी नको, चार चाकी घ्या. आमच्या सरपंचांनी तर ट्रेलरला रंग कुठला द्यावा इथपर्यंत मजल मारली. कुणीही ब्रेकचं विचारलं नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो, आणि नसतो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ब्रेकचं विचारलं ते एकट्या त्याने, माझ्या ड्रायव्हरने. माझ्याकडे हौदा काढून टाकलेला एक जुना ट्रक होता, तो चालवायचा. मला ‘शेठ’ म्हणायचा, निव्वळ चिडवायला.

“शेठ, मागं हुक लावून ओढायचा ट्रेलर नको. त्यो शेपूट हलवतो. मानवाला घे.”

मानवाला म्हणजे ज्याचा पुढचा भाग बगळ्याच्या मानेसारखा वर उठून ट्रकच्या पाठीवर येऊन टेकतो, तो. मालाचं थोडं वजन ट्रकच्या मागच्या चाकांवर येतं आणि ट्रेलर रांगेत चालतो. हे मला पटलं. मुरबाडच्या एका वर्कशॉपवाल्याला काम दिलं. हा वर्कशॉपवाला म्हणजे स्वतंत्र शिक्षा होती. “या गुरवारी बघायला या,” म्हणायचा. मी एसटीने तासभर धक्के खात जायचो, तर जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा ट्रेलर काढलेला, आणि त्यावर एक शेळी बसलेली. पुढच्या गुरुवारी खडूही पुसलेला.

“अहो, काम कुठंय?”

“डोक्यात तयार हाय सगळा. डोक्यातून उतरवायचाच बाकी.”

ब्रेकच्या प्रश्नावर मात्र तो गंभीर झाला. म्हणाला, दोन मार्ग आहेत. एक हवेचा ब्रेक. ड्रायव्हरने पाय दाबला की ट्रकमधली हवा नळीतून ट्रेलरच्या चाकांना जाते. पण तुमच्या जुन्या ट्रकात हवेची यंत्रणाच नाही. दुसरा धक्क्याचा. त्याने एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर दाबून दाखवली. मानेत नळीत नळी बसवायची. पुढे ट्रकने वेग कमी केला की ट्रेलर मागून ढकलतो, आतली नळी आत सरकते, ती तेल दाबते आणि चाकं आवळली जातात. ट्रकला हात लावायची गरज नाही.

ड्रायव्हर तिथेच उकिडवा बसून ऐकत होता. तो म्हणाला, “ब्रेक माझ्या पायात पायजे. ट्रेलरच्या मर्जीवर नाय.”

“मग ट्रक बदलायला लागंल,” वर्कशॉपवाला म्हणाला.

“बदल रे शेठ ट्रक.”

“तुझ्या सासऱ्याकडून आण एक,” मी म्हणालो. सगळे हसले. धक्क्याचा ठरला. या निवडीबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. नीट वापरला तर तो ब्रेक काम करतो. पुढे जे झालं त्याचा दोष त्या निवडीला नाही, वर्कशॉपवाल्याला तर मुळीच नाही.

पण त्या ब्रेकने मला जे छळलं! ट्रेलर मागे घ्यायचा म्हटलं की ट्रक मान ढकलणार, मान आत जाणार आणि ब्रेक लागणार. म्हणजे उलटा घेताना ट्रेलर हटून बसणार. त्यासाठी मानेत आरपार भोक होतं. मागे घेण्याआधी ट्रकच्या पाठीवर चढायचं, भोकात अंगठ्याएवढी लोखंडी पिन घालायची, म्हणजे मान सरकत नाही आणि ब्रेक बंद होतो. मागे घेऊन झालं की पुन्हा चढायचं आणि पिन काढायची. आमच्या गावरस्त्यांवर सरळ वळायला जागा कुठे आहे? दिवसातून दहा वेळा चढा-उतरा. कुणी म्हैस मध्ये बांधलेली, कुणाचा पेंढा वाटेवर, मागे मोटारसायकलवाला हॉर्न वाजवतोय, ठेकेदार तिकडून ओरडतोय. मी चालवायचो तेव्हा पिन घालताना आणि काढताना तोंडातून जे शब्द यायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तो मात्र शांतपणे चढायचा, उतरायचा. त्याने एक रीत ठेवली होती. काढलेली पिन केबिनमध्ये काचेच्या वर, नाकासमोर, सुतळीने टांगायची. पिन समोर लटकतेय म्हणजे मानेत नाही, म्हणजे ब्रेक चालू. नजर वर केली की कळलं. गाडी हलवण्याआधी तो पिनेला बोट लावायचा. मी त्याला हसायचो. “घंटा वाजवतोस काय देवळातली?” तो म्हणायचा, “तुझ्या ट्रेलरला कुठला देव पावणार?”

दोन-अडीच वर्षं असंच चाललं. मानेतलं भोक झिजून लांबट झालं. पिन ढिली बसायला लागली. मागे घेताना खड्ड्यात चाक गेलं की टणकन उडून पडायची आणि ट्रेलर अर्ध्यात अडकायचा.

पौष लागायच्या आधी म्हशाच्या बाजूचं काम आलं. तिथल्या जत्रेच्या आत रस्त्याच्या कडा भरून दाबायच्या होत्या. त्याच आठवड्यात तो बहिणीच्या लग्नाला तीन दिवस रजेवर गेला. मी ट्रक चालवला. एका भातशेताच्या बांधाशी रोलर चढवायला ट्रेलर मागे घेत होतो. चार वेळा पिन उडाली. चौथ्या वेळी ती भाताच्या धसकटांत पडली आणि मी अर्धा तास गुडघ्यांवर रांगत शोधली. बांधावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, “काय शोधतोस रं? अक्कल?” मला हसू आलं नाही. शेडवर आलो, वेल्डिंगची कांडी लावली आणि नळीवर नळी जिथे येते तिथे चार टाके मारले. मान सरकायचीच बंद. डोकेदुखी खलास. म्हशाचं काम झालं की काढू, असं ठरवलं.

कामाच्या दिवशी सकाळी तो परत आला. लग्नाची हळद अजून नखांत होती. मी त्याला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर टाके काढल्याशिवाय तो गाडीला हात लावणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. दहा मिनिटांचं घासकाम. आणि वीज नव्हती. लोडशेडिंग, बारा वाजेपर्यंत. ठेकेदाराला रोलर दहाला पाहिजे होता आणि तो सकाळपासून दोनदा माणूस पाठवून चुकला होता. छिन्नी-हातोडा घेऊन ठोकत बसलो असतो तरी तासाभरात झालं असतं. मी बसलो नाही.

तो येण्याआधी मी पिन सुतळीने केबिनमध्ये टांगून ठेवली होती. त्याने वर पाहिलं.

“पिन तू काढलीस?”

“मग काय, आपोआप निघाली?”

तो हसला, तिला बोट लावलं आणि गाडी सुरू केली.

मी मोटारसायकलने मागून निघणार होतो. निघालो तासाभराने. मुरबाडच्या अलीकडे एक उतार आहे. खाली मोरी आणि लगेच वळण. तिथे पोचलो तेव्हा ट्रक रस्त्याच्या कडेच्या बांधात तोंड घालून आडवा होता, ट्रेलर कुशीवर पडलेला, आणि रोलर शेतात, वालाच्या वाफ्यांत. मोरीच्या तोंडाशी म्हशाच्या बाजारात बैल घेऊन चाललेली चार-पाच माणसं उभी होती. त्यांना चुकवायला त्याने गाडी बांधात घातली होती. माणसं वाचली. एक बैल ट्रेलरखाली आला. त्याचा मालक बैलाच्या शिंगांना हात लावून बसला होता. ड्रायव्हरचा गुडघा केबिनच्या पत्र्यात चिरडला होता.

गर्दीत कुणी तरी म्हणालं, “पेलाय. सक्काली सक्काली.”

दुसरा म्हणाला, “कुठल्या वस्तीतला हाय माहीत नाय का? लग्नाहून आलाय.”

त्याच्या घरात त्याच्या वडिलांनी धम्म घेतल्यापासून दारूचा थेंब शिरला नव्हता. हे मला माहीत होतं. लहानपणी त्यांच्या घरी मी जेवलोय. तेव्हा गर्दीत मी एवढं तरी म्हणू शकलो असतो की हा पीत नाही. मी बैलाच्या मालकाला पाणी आणून दिलं.

दोन दिवसांनी क्रेनने ट्रेलर शेडवर आणून टाकला. निरीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. त्या दुपारी वीज होती. ग्राइंडरला दहा मिनिटंही लागली नाहीत. घासलेली जागा चकाकत होती, म्हणून तिच्यावर जुनं तेल आणि चुलीतली राख चोळली. हात धुतले. जेवलो.

निरीक्षकांनी दोन माणसांना मान ढकलायला लावली. नळी आत सरकली, चाकं आवळली. ते म्हणाले, “ब्रेक तर चांगला आहे.” मी म्हणालो, “हो साहेब.”

इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो. पाय प्लास्टरात, वर टांगलेला. त्याने इकडेतिकडे बघून हळू आवाजात विचारलं, “मी पाय दाबला रे. ट्रेलर ढकलतच राहिला. मान आत गेलीच नाय. तू बघितलीस का मान?”

“बघितली. साहेबांनी पण बघितली. चांगली आहे.”

तो छताकडे बघत म्हणाला, “मग माझाच पाय घसरला असंल. रातभर जागलो होतो लग्नात.”

त्याने माझ्यावर संशय घेतला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. त्याने दोष स्वतःकडे घेतला, आणि मी तो घेऊ दिला. एवढंच नाही, कोर्टात गुन्हा कबूल करून टाक, लवकर सुटशील, हा सल्लाही मीच दिला. त्याने तो ऐकला.

त्यानंतर दोन्ही तालुक्यांत त्याच्या हातात कुणी गाडी दिली नाही. गुडघा बरा झाला, जरासा वाकडा. एका फार्महाऊसवर रखवालदारी करतो. वाटेत भेटला की अजून ‘शेठ’ म्हणतो. मध्यंतरी एकदा त्याच्या गावातल्या लग्नात ट्रॅक्टर बाजूला घ्यायचा होता, चालवणारा कुठे गेला कुणास ठाऊक. लोक म्हणाले, हा घेईल. तो मागे सरला. “नको नको, माझ्या पायाचा भरवसा नाय,” म्हणाला. पोरं हसली. त्याला पाचवीत असल्यापासून बापाची बैलगाडी एका हाताने वळवताना मी पाहिलेलं आहे.

ट्रेलर मी भंगारात घातला. रोलर विकला. सरपंच अजून म्हणतात, तुला तेव्हा सांगितलं होतं, लाल रंग अशुभ. मला त्यांचा गळा धरावासा वाटतो, आणि लगेच लाजही वाटते, कारण त्यांनी निदान मनात होतं ते तोंडावर सांगितलं होतं.

हे कागदावर लिहिलं म्हणजे काही झालं असं नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, त्याला मला सांगायचं आहे की तुझा पाय घसरला नव्हता, ब्रेक मी बंद केला होता आणि पुरावा मी पुसला. मग तेच त्याच्या गावात, चारचौघांत उभं राहून सांगायचं आहे, आणि तेच कोर्टाला सही करून लिहून द्यायचं आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.